मक्याच्या स्टार्चची बॅटरी म्हणजे नेमकं काय? कुरडईच्या चिकातून समजून घ्या

फवारणीच्या ऐन हंगामात बॅटरीवरचा पंप दगा देतो, हा अनुभव आपल्याकडे बहुतेकांना आहे. पंप रात्रभर चार्जिंगला लावलेला असतो, चार्जरचा दिवा हिरवा झालेला असतो, मीटर लावला तर साडेबारा व्होल्टही दाखवतो. पण पाठीवर घेऊन बटण दाबलं की मोटर थोडा वेळ घरघरते आणि धार तुटते. दुकानदार बॅटरी हातात घेऊन सांगतो, "बसली ही. बदलावी लागेल." आपण म्हणतो, अहो पण व्होल्ट तर आहेत की!

व्होल्ट आहेत आणि तरी बॅटरी बसलेली आहे. दोन्ही खरं. हे कोडं सुटलं की मोबाइलवर अधूनमधून दिसणाऱ्या "मक्यापासून बॅटरी", "स्टार्चपासून बॅटरी" असल्या बातम्यांचा अर्थही लागतो. येवला, मालेगाव, बागलाण, चांदवड, देवळा या पट्ट्यात मका घेणाऱ्या माणसाने अशी बातमी वाचली की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो भावाचा. मक्याला आता बॅटरीवाले गिऱ्हाईक मिळणार का? त्याचं उत्तर पुढे हिशेबासकट दिलं आहे. पण आधी एक गैरसमज काढून टाकू. या बॅटरीत मका वीज साठवत नाही. मक्याचा स्टार्च आतून जायला वाट देतो, एवढंच त्याचं काम. पण ती वाट चांगली की वाईट, यावरच सगळी बॅटरी चालते.

बॅटरीच्या आत काय चालतं

कुठलीही बॅटरी घ्या, त्यात दोन टोकं असतात आणि मध्ये काहीतरी ओलं किंवा मऊ भरलेलं असतं. दोन टोकं म्हणजे इलेक्ट्रोड, मधलं ते इलेक्ट्रोलाइट. वीज साठलेली असते ती टोकांच्या रसायनात. आपण बटण दाबतो तेव्हा बाहेरच्या तारेतून इलेक्ट्रॉन धावतात आणि मोटर फिरते. पण बाहेरून जेवढे इलेक्ट्रॉन गेले, तेवढाच विद्युतभार आतूनही सरकावा लागतो, नाहीतर गाडी जागीच थांबते. आतून इलेक्ट्रॉन जात नाहीत. तिथून जातात आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू किंवा अणूंचे पुंजके. चांगल्या इलेक्ट्रोलाइटला म्हणूनच दोन गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात. आयनला रस्ता मोकळा हवा आणि इलेक्ट्रॉनला रस्ता बंद हवा. इलेक्ट्रॉनलाही आतून वाट मिळाली तर बॅटरी घरात ठेवल्या ठेवल्या उतरून जाईल.

इन्व्हर्टरच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीत हे काम गंधकाचं ॲसिड करतं. त्यातून आयन सुसाट जातात. पण ते ॲसिड कपड्याला भोकं पाडतं, हाताला भाजतं, झाकण उघडताना डोळ्यात उडू शकतं. माझ्या स्वतःच्या एका पँटला गुडघ्याजवळ अशी तीन भोकं आहेत, बॅटरीत पाणी टाकताना पडलेली. फवारणी पंपातल्या बॅटरीला आपण "ड्राय बॅटरी" म्हणतो, पण ती काही कोरडी नसते. आत तेच ॲसिड असतं, फक्त काचेच्या तंतूंच्या बोळ्यात शोषून ठेवलेलं, म्हणून सांडत नाही.

लेड-ॲसिडमध्ये आणखी एक गोष्ट आहे. तिथे ॲसिड नुसती वाट देत नाही, ते स्वतःही रासायनिक क्रियेत खर्ची पडतं. म्हणून तर बॅटरी उतरली की हायड्रोमीटरचं रीडिंग १२५० वरून खाली येतं. तेव्हा पंपाच्या बॅटरीतलं ॲसिड काढून त्यात चीक ओतला तर चालेल का, असं कुणी गमतीने विचारलं तर उत्तर "नाही" असंच आहे. स्टार्च कामाला येतो तो वेगळ्या जातीच्या बॅटऱ्यांत.

आता सुरुवातीचं कोडं. बॅटरी जुनी झाली, विशेषतः हंगाम संपल्यावर उतरलेल्या अवस्थेत तशीच कोपऱ्यात पडून राहिली, की शिशाच्या पाट्यांवर सल्फेटचे कडक खडे धरतात. पाट्यांचा बराच भाग कामातून जातो आणि आतला अडथळा वाढतो. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून त्याला व्होल्ट पूर्ण दिसतात. मोटर दोन-तीन अँपिअर मागते, तेव्हा सगळे व्होल्ट आतल्या अडथळ्यातच खर्ची पडतात. यालाच अंतर्गत रोध म्हणतात. स्टार्चच्या इलेक्ट्रोलाइटवर काम करणाऱ्यांची सगळी झुंज याच रोधाशी आहे.

टॉर्चच्या सेलमध्ये स्टार्च होताच

स्टार्च आणि बॅटरी ही जोडी नवी नाही, हे ऐकून आश्चर्य वाटेल. लहानपणी टॉर्चचे संपलेले सेल दगडाने फोडून आतली काळी कांडी ज्यांनी काढली आहे, त्यांनी हा स्टार्च बहुधा पाहिलेला आहे. जस्ताच्या डबीला आतून चिकटलेला तो ओलसर, पिठूळ, खळीसारखा थर आठवतो का? जुन्या घडणीच्या सेलमध्ये तो मक्याचा स्टार्च आणि गव्हाचं पीठ यांची खळ असे. तिच्यात नवसागर आणि झिंक क्लोराइड कालवलेलं असे. नवसागर म्हणजे तोच, जो कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकतो आणि पांढरा धूर निघतो.

याची गोष्ट अशी. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये नवसागराच्या पाण्यावर चालणारा सेल बनवला. काम चांगलं करायचा, पण काचेच्या बरणीत पाणी, हलवला की सांडायचा. जर्मनीच्या कार्ल गासनर यांनी १८८६ च्या सुमाराला ते पाणी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बांधून टाकलं आणि कोरडा सेल जन्माला आला. पुढे प्लास्टरच्या जागी पीठ आणि स्टार्चची खळ आली. नंतरच्या काळात खळ लावलेला कागद आला आणि आतला थर पातळ झाला. म्हणजे शेतात रात्री पाणी भरायला जाताना आजोबांच्या हातात जी बॅटरी होती, तिच्यात मक्याने बरीच वर्षं आपलं काम गुपचूप केलेलं आहे.

मग आता नवीन काय? तर ती खळ ओली होती. पाणी होतं म्हणून आयन चालत होते. पाणी सुकलं की सेल मेला, आणि जस्त खाऊन संपलं की सेलला पाझर फुटून टॉर्चची स्प्रिंग गंजली. आताचा प्रयत्न वेगळा आहे. पाणी जवळपास नसलेला, प्लास्टिकच्या पिशवीसारखा पातळ पापुद्रा बनवायचा आणि त्यातून आयन चालवायचे. १९७० च्या दशकात इंग्लंडमधील शेफील्ड येथे पीटर राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की पॉलिएथिलीन ऑक्साइड नावाच्या पॉलिमरमध्ये मीठ मिसळलं तर त्यातून वीज जाते. पुढे त्याच दशकात फ्रान्सच्या मिशेल आर्मांड यांनी असे पॉलिमर बॅटरीत वापरता येतील ही कल्पना मांडली. ते पॉलिमर कारखान्यातलं, खनिज तेलापासून बनणारं. मग लोकांनी विचार केला, पॉलिमरच हवा ना, तर तो शेतात आणि समुद्रात फुकट तयार होतो की. स्टार्च, कापसातला सेल्युलोज, फळांतलं पेक्टिन, समुद्री शेवाळातलं अगर, कोळंबीच्या टरफलापासून मिळणारं कायटोसन. द्राक्षवाल्यांना कायटोसन हे नाव औषधाच्या दुकानातून ओळखीचं असेल. या निसर्गातल्या पॉलिमरना बायोपॉलिमर म्हणतात.

चीक शिजतो तेव्हा काय होतं

आता कुरडईकडे येऊ, कारण या विषयाचं अर्धं विज्ञान आपल्या आया-बहिणी दर उन्हाळ्यात गच्चीवर करतात.

गहू तीन दिवस भिजवला, वाटला, गाळला, रात्रभर ठेवला की तळाला पांढराशुभ्र चीक बसतो. तो चीक म्हणजे स्टार्च. त्याचा एकेक कण भिंगाखाली पाहिला तर गोल, टणक दिसतो. आत साखरेच्या लांबच लांब साखळ्या असतात. काही सरळ, त्यांना अमायलोज म्हणतात. काही झाडासारख्या फांद्या फुटलेल्या, त्या अमायलोपेक्टिन. मक्याच्या साध्या स्टार्चमध्ये साधारण एक चतुर्थांश अमायलोज आणि बाकीचं अमायलोपेक्टिन असतं. या साखळ्यांचा काही भाग कणाच्या आत घट्ट, शिस्तीत रचलेला असतो. त्या रचनेला स्फटिकी रचना म्हणतात. अशा घट्ट जागेतून आयनला जाता येत नाही.

आता आधणात चीक टाकला आणि घाटायला घेतला. साधारण ६० ते ७० अंशांच्या दरम्यान एकदम काहीतरी बदलतं. पांढरं दूध होतं ते जड व्हायला लागतं, पळी फिरवायला दोन हात लागतात आणि चीक पांढऱ्याचा पारदर्शक होतो. कणाच्या आत पाणी शिरलं, साखळ्यांची शिस्त मोडली, सगळा गुंता झाला. पारदर्शकपणा ही त्याचीच खूण. शास्त्रज्ञांना नेमकी ही गुंत्याची, मोकळी अवस्था हवी असते. कारण आयन चालतात ते या गुंत्यातून.

कसे चालतात? स्लॅबच्या दिवशी घमेली हातोहात वर जातात तसे. साखळीवर जागोजागी ऑक्सिजनचे अणू असतात. लिथियमचा किंवा सोडियमचा आयन एका ऑक्सिजनला धरतो, साखळी जरा हलली की पुढचा ऑक्सिजन जवळ येतो, आयन त्याच्याकडे जातो. माणसं जागची हललीच नाहीत, हातच पुढे आले नाहीत, तर घमेलं पुढे जाईल का? तसंच साखळ्या घट्ट बांधलेल्या असतील तर आयन अडकून बसतो. साखळ्या सैल असतील, वळवळत असतील, तर आयन पुढे सरकतो. बॅटरीतली "रचना" आणि "वीज" यांचा संबंध तो एवढाच, पण सगळं त्यावर ठरतं.

आता कुरडया घातल्या आणि उन्हात वाळवल्या. दोन दिवसांत त्या काचेसारख्या कडक. पाणी गेलं, साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट धरून बसल्या. कोरड्या कुरडईतून वीज जवळपास अजिबात जात नाही. शिळा भात, शिळी भाकरी कडक होते, तेही बऱ्याच अंशी याच कारणाने. शिजून मोकळ्या झालेल्या साखळ्या हळूहळू पुन्हा ओळीत लागतात. स्टार्चचा पापुद्रा पहिल्या आठवड्यात छान वीज वाहतो आणि पुढे मंदावत जातो, ही या क्षेत्रातली जुनी डोकेदुखी आहे. म्हणजे इलेक्ट्रोलाइटही शिळा होतो!

यावर उपाय म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. हो, थंडीत फुटलेल्या टाचांना लावतो तेच. ते साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकींपासून लांब ठेवतं, सुकलं तरी पापुद्रा लवचीक राहतो. प्रयोगशाळेतली कृती ऐकाल तर स्वयंपाकघरच वाटेल. स्टार्च पाण्यात शिजवायचा, त्यात मोजून क्षार घालायचा, ग्लिसरीन घालायचं, ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, मग सपाट बशीत ओतून मंद उष्णतेवर दिवसभर वाळवायचं आणि पापुद्रा सोलून काढायचा.

क्षाराचंही प्रमाण असतं. क्षार जास्त तर आयन जास्त, म्हणून सुरुवातीला वीज वाढत जाते. पण एका मर्यादेनंतर उलटं होतं. आयन एकमेकांनाच धरून बसतात, जादा क्षाराचे खडे धरतात, जसं लोणच्याच्या बरणीत तळाला मीठ साचतं. मग वाट अडते. त्यामुळे एकाच स्टार्चचे वेगवेगळ्या क्षार-प्रमाणाचे पाच-सहा पापुद्रे करून कुठला सगळ्यात बरा, हे शोधणं हाच अशा अभ्यासांचा मोठा भाग असतो.

मोजतात कसं

रचना पाहण्यासाठी पापुद्र्यावर क्ष-किरण सोडतात. निफाड-दिंडोरीच्या रस्त्याने जाताना द्राक्षबागेकडे पाहा. गाडी पुढे जाते तशा ठरावीक कोनातून ओळी एकदम लख्ख उघडतात. फोकून पेरलेल्या शेतात कुठल्याही कोनातून ओळ दिसत नाही. क्ष-किरणांचं तसंच. साखळ्या ओळीत असतील तर आलेखावर टोकदार सुळके येतात, गुंता असेल तर नुसता पसरट उंचवटा. सुळके जितके बोथट होत जातील तितका पापुद्रा कामाचा.

वीज मोजण्यासाठी पापुद्रा दोन स्टीलच्या चकत्यांमध्ये दाबून धरतात आणि त्यावर उलटसुलट होणारा करंट लावतात, कधी सेकंदाला थोड्याच वेळा, कधी लाखो वेळा. वेगवेगळ्या वेगाला तो किती अडवतो यावरून खुद्द पापुद्र्याचा रोध वेगळा काढता येतो. त्यावरून वाहकता येते. तिचं माप सिमेन्स प्रति सेंटीमीटर.

आकडे बघा म्हणजे चित्र स्पष्ट होईल. बॅटरीच्या ॲसिडची वाहकता साधारण ०.८. मोबाइलच्या लिथियम बॅटरीतल्या द्रवाची साधारण ०.०१. क्षार आणि ग्लिसरीन घातलेल्या स्टार्चच्या चांगल्या पापुद्र्याची ०.०००१ ते ०.००१. कोरड्या, नुसत्या स्टार्चची याच्याही कितीतरी लाख पट कमी. म्हणजे चांगला पापुद्राही ॲसिडच्या शेकडो पट मागे आहे.

मग खटाटोप कशाला? कारण पापुद्रा पातळ करता येतो. वाट खराब असली तरी दोन पावलांचीच असेल तर चालतं. समजा १० सेंटीमीटर बाय १० सेंटीमीटरचा, ०.१ मिलिमीटर जाडीचा पापुद्रा आहे. वाहकता ०.००१ असेल तर त्याचा रोध येतो ०.१ ओहम. त्यातून ३ अँपिअर ओढले तर ०.३ व्होल्ट आतच जातील. हे एक वेळ चालून जाईल. वाहकता ०.०००१ असेल तर रोध १ ओहम आणि ३ व्होल्ट आतच गेले. मग बाहेर काय उरणार? सकाळी बंद पडलेल्या पंपाची गत. आकड्यातलं एक शून्य इकडचं तिकडे झालं की बॅटरी असण्या-नसण्याचा फरक पडतो, तो असा.

अडचणी अजून कुठे आहेत

पहिली अडचण हवेची. आपला जिल्हा यासाठी उत्तम परीक्षाकेंद्र आहे. थंडीत निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो, उन्हाळ्यात मालेगावला ४२-४३ च्या वर जातो आणि पावसाळ्यात इगतपुरीला भिंतीही घामेजतात. साखळ्यांची वळवळ उष्णतेवर अवलंबून असते. मालेगावच्या उन्हात जो पापुद्रा पळतो, तो निफाडच्या पहाटे आळसावतो. इगतपुरीत तो हवेतलं पाणी ओढून मऊ होतो. गंमत अशी की ओला झाला की त्याची वाहकता वाढलेली दिसते! म्हणून "आमच्या पापुद्र्याची वाहकता अमुक" असा आकडा कुणी सांगितला तर तो किती तापमानाला आणि किती दमट हवेत मोजला, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आणि बुरशी? स्टार्च आहे, बुरशी धरणारच. जे मातीत कुजतं ते डब्यातही कुजू शकतं. हा गुण आणि दोष एकच आहे.

दुसरी अडचण व्होल्टची. मोबाइलसारखी लिथियम बॅटरी एका सेलला ४ व्होल्टच्या आसपास जाते. एवढ्या दाबाला पाणी तुटतं, ते तर १.२३ व्होल्टपासूनच तुटायला सुरुवात होऊ शकते, आणि स्टार्चलाही ते झेपत नाही. म्हणून बायोपॉलिमरची खरी जागा कमी व्होल्टच्या साधनांत आहे, जस्ताच्या बॅटऱ्या किंवा सुपरकपॅसिटर. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये खेकड्याच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसनचा जेल वापरून जस्ताची बॅटरी केली. हजार वेळा चार्ज-डिस्चार्ज करूनही घातलेल्या चार्जपैकी ९९.७ टक्के परत मिळत होता. तो जेल मातीत सुमारे पाच महिन्यांत कुजून गेला आणि जस्त मागे उरलं, जे पुन्हा वापरता येतं. सौरऊर्जेची वीज रात्रीसाठी साठवायला असंच काहीतरी लागेल. आपल्याकडे कुसुम योजनेचे सौरपंप बसले, पण त्यांना बॅटरी नसते. सूर्य मावळला की पंप बंद. मोठी, स्वस्त आणि सुरक्षित साठवण हाच खरा अडलेला प्रश्न आहे.

भारतातही हे काम चालू आहे. बनारस हिंदू विद्यापीठाच्या महिला महाविद्यालयात बटाटा, मका अशा स्टार्चच्या इलेक्ट्रोलाइटवर अभ्यास झाला आहे. तमिळनाडूत पेक्टिन, अगर आणि चक्क चिंचोक्यावर झाला आहे. चिंचोक्याची खळ घोंगडीला लावायची आपली रीत जुनी. तीच खळ तिथे क्षार घालून मीटरला लावली गेली.

एक गोष्ट मात्र मला खटकते. अशा लेखांत "पर्यावरणपूरक" हा शब्द फार सढळ वापरला जातो. स्टार्च कुजतो हे खरं, पण त्यात घातलेला क्षार? कित्येक प्रयोगांत लिथियम परक्लोरेट घालतात, ते काही खत नाही. पापुद्रा कुजून गेल्यावर ते मातीतच राहणार. ज्या कामात साधे, निरुपद्रवी क्षार वापरलेत, त्यालाच हा शब्द शोभेल.

मग मक्याचा भाव?

आता भावाचा हिशेब. वर घेतलेला पापुद्रा, म्हणजे १०० चौरस सेंटीमीटर, ०.१ मिलिमीटर जाडीचा, एकूण १ घन सेंटीमीटर भरतो. वजन दीड ग्रॅमच्या आतच. त्यातला ग्लिसरीन आणि क्षाराचा वाटा काढला तर स्टार्च पाऊण ग्रॅम धरू. एका क्विंटल मक्यातून कारखान्यात साधारण ६० किलो स्टार्च निघतो. म्हणजे एका क्विंटलमध्ये ढोबळमानाने ऐंशी हजार सेल होतील. एका ट्रॉलीत किती होतील, तुम्हीच मांडा.

यावरून कळेल की अशा बॅटऱ्या उद्या बाजारात आल्या तरी मक्याच्या भावावर त्याचा परिणाम होणार नाही. भाव ठरवतात पोल्ट्रीवाले, स्टार्चचे कारखाने आणि आता इथेनॉलवाले. शेजारच्या धुळे जिल्ह्यात दोंडाईचाला मक्याचा स्टार्च बनवणारा मोठा कारखाना आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर मर्यादा आणली, तेव्हा मक्याची मागणी वाढली, हे आपण पाहिलं. मक्याचं अर्थकारण तिथे आहे. तेव्हा "मक्याच्या बॅटरीची एजन्सी घ्या, डिपॉझिट भरा" असा मेसेज ग्रुपवर आला, तर समोरच्याला विचारा की बॅटरीची टोकं कशाची आहेत, किती वेळा चार्ज होते, आणि थंडीत व पावसात मोजलेले आकडे कुठे आहेत. टोकं कशाची, यावरच बहुतेक जण अडकतील.

खरा फायदा झाला तर तो वेगळ्या ठिकाणी होईल. जुनी लेड-ॲसिड बॅटरी आज भंगारात जाते तेव्हा तिचं ॲसिड कुठे ओतलं जातं, शिसं कुठे वितळवलं जातं, हे आपण विचारत नाही. शिशाचा धूर आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. म्हणून फवारणी पंपाची असो की इन्व्हर्टरची, बसलेली बॅटरी नवी घेताना दुकानातच द्या, पैसेही वळते होतात. ती विहिरीजवळ, गोठ्यात किंवा उकिरड्यावर फोडू नका. आणि हंगाम संपला की पंपाची बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा, महिन्या-दीड महिन्याने पुन्हा चार्ज करा. ती एक हंगाम जास्त चालेल.

घरी करून पाहण्यासारखं

शाळेतल्या मुलांना हे सगळं अर्ध्या दिवसात दाखवता येतं. मीठ घालून शिजवलेला चीक, किंवा मक्याच्या पिठाची खळ, तीन लहान बशांत पातळ पसरा. प्रत्येकीत जस्ताचा मुलामा असलेला एक खिळा आणि तांब्याच्या तारेचा एक तुकडा एकमेकांना न लागता आडवे दाबून बसवा. एका बशीला साधारण पाऊण ते एक व्होल्ट मिळतो. एका बशीची तांब्याची तार दुसरीच्या खिळ्याला, अशा तिन्ही बशा जोडल्या की अंधाऱ्या खोलीत लाल एलईडी मंद का होईना लागतो. दिवा लागला नाही तर त्याचे पाय उलटे करून पाहा. घरच्या लाइटच्या सॉकेटशी यातलं काहीही जोडायचं नाही, हे मुलांना आधीच बजावून सांगा.

मुलं म्हणतील, चिकातून वीज आली. त्यांना सांगा, वीज खिळ्यावरच्या जस्तातून आली, चिकाने फक्त वाट दिली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये बटाट्यावर असंच करून पाहिलं होतं. बटाटा उकडून घेतला तर कच्च्या बटाट्यापेक्षा दहापटीपर्यंत जास्त शक्ती मिळाली. जस्त तेच, तांबं तेच. उकडल्याने बटाट्याची आतली रचना मोडली आणि वाट मोकळी झाली, एवढाच फरक.

मग त्या बशा उन्हात ठेवा. चीक सुकत जाईल तसा दिवा मंद होत जाईल आणि एका क्षणी विझेल. तेव्हा मीटर लावून पाहा. दिवा विझलेला असतानाही मीटर बराच वेळ व्होल्ट दाखवत राहतो, सकाळी बंद पडलेल्या पंपासारखाच.

प्रयोगाचा चीक कुणी खाऊ नका आणि गुरांनाही घालू नका. त्यात जस्त आणि तांबं उतरलेलं असतं.